डॉ. रखमाबाई राऊत : खटल्यानंतरची पस्तीस वर्षे



८ मार्च जवळ आला की शाळाशाळांत भाषणांची तयारी सुरू होते. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी या नावांवर मुली छान बोलतात. रखमाबाईंचं नाव आलंच तर दोन वाक्यांत आटोपतं : लहानपणी लग्न झालं, नवऱ्याकडे जायला नकार दिला, कोर्टात खटला चालला, पुढे त्या डॉक्टर झाल्या. संपलं भाषण.

पण डॉक्टर झाल्यावर त्यांनी सुमारे ३५ वर्षे रुग्ण तपासले, आणि ते रुग्ण म्हणजे मुख्यतः बायका. ज्या बाया आपलं दुखणं नवऱ्यालाही सांगत नव्हत्या, त्यांनी ते डॉक्टरला सांगावं कसं आणि डॉक्टरने ते विचारावं कसं, हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न होता. आजचा पाठ त्या प्रश्नासाठी आहे.

हा प्रश्न जुना झाला असं तुम्हाला वाटतं का? आपल्या वालावलातच बघा. तळ्याकाठी लक्ष्मीनारायणाच्या देवळात जत्रेला आलेल्या बाया जगभरच्या गप्पा मारतील. पण त्यातलीच एखादी कुडाळला डॉक्टरकडे गेली की कंबर दुखता, अशक्तपणा वाटता, एवढंच सांगून गप्प बसते. खरं दुखणं वेगळंच असतं. पाळीला आपल्याकडे सरळ पाळी म्हणायची पद्धत नव्हती. बाजूला बसली, कावळा शिवला, अडचण आली असं म्हणायचं. अंगावरून पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, हे शब्द तर फक्त बायकांनी बायकांत, तेही हळू आवाजात बोलायचे. दुखण्याचं नाव घ्यायचीच जिथे लाज, तिथे औषध मिळणार कसं? म्हणून रखमाबाईंचं आयुष्य या बाजूने वाचूया.

आई, आणि डॉक्टर असलेले दुसरे वडील

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. रखमाबाई लहान असतानाच वडील वारले. त्या वेळी जयंतीबाई स्वतः सतरा वर्षांच्या होत्या. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता रखमाबाईंच्या नावावर केली.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. विवाह, गर्भ आणि बाळंतपण या विषयांवर त्यांनी मराठीत लिहिलं. विचार करा, दीडशे वर्षांपूर्वी! चारचौघात जे बोलायचं नाही ते एक डॉक्टर साध्या मराठीत छापून लोकांसमोर ठेवत होता. रखमाबाई अशा घरात वाढल्या.

अकराव्या वर्षी लग्न, आणि घरातल्या डॉक्टरांचा नकार

तरीही अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. सुधारक घरसुद्धा रूढीपुढे कसं वाकत असे, ते इथे दिसतं. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा होता. तो सासरेबुवांच्या आधाराने शिकेल, नावारूपाला येईल, अशी अपेक्षा होती.

लग्नाला काही महिने झाले आणि रखमाबाईंना पाळी आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायचा होता. इथे डॉ. सखाराम अर्जुन आडवे आले. एवढ्या लहान मुलीच्या शरीराला हे सोसणार नाही हे त्यांना डॉक्टर म्हणून कळत होतं. त्यांनी परवानगी दिली नाही. मुलगी माहेरीच राहिली.

पालकहो, इथे थोडं थांबा. हा निर्णय सोपा नव्हता. जातीचे लोक, नातेवाईक, जावयाकडची मंडळी या सगळ्यांना दुखवून घेतलेला होता. एका डॉक्टरने आपलं शास्त्र दवाखान्यात न ठेवता घरातल्या मुलीसाठी वापरलं. अशा डॉक्टरला फक्त औषध देऊन भागत नाही. रुग्ण लहान असेल, स्वतः बोलू शकत नसेल, तर कधी तिच्या वतीने नाही म्हणावं लागतं.

रखमाबाई घरीच वाचत राहिल्या. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत. दादाजीचं शिक्षण मात्र मागे पडलं, तो कर्जात बुडाला. अशा माणसाबरोबर संसार करायचा नाही, हे रखमाबाईंनी हळूहळू मनाशी पक्कं केलं.

कोर्टातली वर्षे

१८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत मागणी केली की बायकोला माझ्या घरी पाठवा. तिथून खटला उभा राहिला. एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. म्हणजे निकाल ऐकायला मुलीच्या पाठीशी उभा राहिलेला माणूसच राहिला नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाहावर पत्र छापून आलं. लिहिणारी रखमाबाईच होती. बालविवाहाने मुलीचं शिक्षण, तब्येत, मन सगळंच कसं खुंटतं, हे तिने स्वतःच्या अनुभवातून मांडलं होतं. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लग्न लावलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

देशभर खळबळ उडाली. बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई यांनी रखमाबाईंची बाजू घेतली. लोकमान्य टिळकांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंग पत्करला. शेवटी १८८८ मध्ये दादाजीला २००० रुपये देऊन तडजोड झाली आणि तुरुंग टळला.

मुलांना हे सांगताना एक गोष्ट सोडू नका. या चार वर्षांत एका तरुण मुलीच्या शरीराची आणि लग्नाची चर्चा वर्तमानपत्रांत, कोर्टात, चौकात झाली. आपली खासगी गोष्ट चारचौघात उघडी पडणं म्हणजे काय, हे त्यांनी पुरेपूर भोगलं होतं. पुढे त्यांच्यासमोर बसणारी बाई का बोलत नाही, हे त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरच का व्हायचं?

त्या वेळी मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. एडिथ पीची नावाच्या बाई होत्या. स्वतः त्यांनाही स्त्री म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी झगडावं लागलं होतं. १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झालेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. त्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नाही, म्हणून त्यांनी ती स्वित्झर्लंडमधून मिळवली. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी मदत उभी केली.

आपल्या देशात बाईला बाई डॉक्टर हवी, ही गरज सर्वांना दिसत होती. आनंदीबाई जोशींनी अमेरिकेतल्या कॉलेजकडे प्रवेश मागताना हेच कारण दिलं होतं : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा आमच्या बाया मरण पत्करतात. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. तेव्हा त्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्या गेल्या तेव्हा रखमाबाई कोर्टाच्या निकालाची वाट बघत होत्या. तारखा शेजारी ठेवून बघा, काळ किती जवळचा आहे ते कळेल.

१८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. १८९४ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सची एम.डी. पदवी मिळवली.

त्या शिकत असताना इकडे भारतात एक मोठी गोष्ट घडली. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे मरण पावली. त्यानंतर देशातल्या ५५ स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला. लहान बायकोच्या शरीराची काय दशा होते, याची आपल्या रुग्णालयात पाहिलेली उदाहरणं त्यांनी त्यात मांडली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर आलं. आज १२ हा आकडाही आपल्याला लहान वाटतो. पण हा पुरावा कुठून आला ते बघा. त्या मुलींनी आपलं दुखणं बाई डॉक्टरला दाखवलं, म्हणून तो आला. आणि या वादाला तोंड फुटलं होतं ते रखमाबाईंच्या खटल्यामुळे.

सुरत आणि राजकोट

१८९५ मध्ये रखमाबाई भारतात परतल्या आणि सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. नंतर सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याचं बोलावणं त्यांनी नाकारलं आणि १९१८ मध्ये काठेवाडातल्या राजकोट संस्थानच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला आल्या.

अशा जनाना रुग्णालयांची रीत समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या घरच्या बाया पडद्यात असत. पुरुष डॉक्टर आलाच तर बाई पडद्याआड, आणि नाडीपुरता हात पडद्याबाहेर. बाकी सगळं नवऱ्याने किंवा सासूने सांगायचं. म्हणजे दुखणं एकीचं आणि तोंड दुसऱ्याचं! बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत, शिक्षण न मिळालेल्या सुईणीच्या हाताने. नाळ कापायचं हत्यार स्वच्छ नसलं की बाळाला धनुर्वात, आणि सुईणीचे हात स्वच्छ नसले की आईला सूतिकाज्वर. रुग्णालयात जाणं म्हणजे मरायला जाणं, अशी समजूत.

अशा ठिकाणी डॉक्टरने कितीही हुशार असून काय उपयोग, जर बाई दारातच येणार नसेल? म्हणून स्त्रियांच्या रुग्णालयात डॉक्टर बाई, परिचारिका बाई, आत पुरुषाला मज्जाव. भाषा तिथली. मुंबईत वाढलेल्या, मराठी बोलणाऱ्या रखमाबाईंनी गुजराती मुलखात आयुष्यातली सगळी उमेदीची वर्षे काढली. बाईला पडदा हवा असेल तर तो आधी मान्य करायचा, आणि त्या पडद्याच्या आत जाऊन तिच्याशी बोलायचं, असं हे काम होतं.

पण पडदा त्यांना कायमचा नको होता, हेही सांगायला हवं. १९२९ मध्ये त्यांनी पडदापद्धत बंद व्हायला हवी असं सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पडद्यामुळे तरुण विधवांचं आयुष्य कसं वाया जातं, हा मुद्दा त्यात होता. रुग्ण समोर असताना तिच्या लाजेला धक्का द्यायचा नाही. आणि समाजाशी बोलताना ती लाज लादणाऱ्या रूढीला सोडायचं नाही. दोन्ही एकाच बाईने केलं. दुसरं करायचं म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला लेक्चर दिलं नाही, तर तिला बरं वाटतं. ती परत येते.

दादाजी भिकाजी १९०४ मध्ये वारले. रखमाबाईंनी त्यानंतर विधवेसारखी पांढरी साडी नेसली आणि पुन्हा लग्न केलं नाही. याचं अनेकांना नवल वाटतं. मुलांना यावर चर्चा करू द्या, उत्तर आपण देऊ नका. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचं निधन झालं.

लाजेतून निघालेलं एक साधन

आता विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. डॉक्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप कसा जन्माला आला, माहीत आहे? १८१६ मध्ये पॅरिसला रेने लेनेक नावाच्या डॉक्टरकडे हृदयविकाराची एक तरुणी आली. त्या काळी ठोके ऐकायला रुग्णाच्या छातीला थेट कान लावत. लेनेकना ते योग्य वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज आधीपेक्षा जास्त स्पष्ट आला! पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली.

लेनेकनी तिची लाज फालतू ठरवली नाही, आणि तपासणीही टाळली नाही. दोन्ही सांभाळणारा मार्ग शोधला. चांगल्या डॉक्टरकडून बाईला एवढंच हवं असतं, मग तो डॉक्टर पुरुष असो की स्त्री. प्रत्येक गावात बाई डॉक्टर मिळेलच असं नाही. गावातला नेहमीचा फॅमिली डॉक्टर बहुतेक वेळा पुरुषच असतो. त्यानेही हे जमवलेलं आपण पाहतो : आधी साध्या गोष्टी विचारायच्या, मग नाजूक. नर्सला किंवा बरोबरच्या बाईला आत बसवायचं. कुठे हात लावणार आणि का, ते आधी सांगायचं. रुग्णाने वापरलेला शब्द हसण्यावारी न्यायचा नाही.

आज आपल्याला काय माहीत असायला हवं?

पालकहो, पुढच्या गोष्टी मुलीला आणि तिच्या आईलाही सांगा :

१. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्ण हक्कांची सनद तयार केली आहे आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये ती राज्यांकडे पाठवली. पुरुष डॉक्टर बाईची शारीरिक तपासणी करत असताना तिथे दुसरी स्त्री हजर असावी, हा हक्क त्यात आहे. त्यामुळे नर्सला बोलवा, असं सांगणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणं नव्हे.

२. आपली माहिती गुप्त राहावी आणि तपासणीला आडोसा असावा, हेही त्याच सनदेत आहे. बाकावर बसलेल्या दहा जणांसमोर पाळीची तारीख सांगावी लागणं बरोबर नाही. हळू आवाजात, आत जाऊन सांगते, असं म्हणायला मुलीला शिकवा.

३. डॉक्टरने मुलीला विचारलं तर उत्तर मुलीला देऊ द्या. आई मध्येच बोलली की मुलगी गप्प होते. पडद्याआडच्या त्या नाडीची आठवण ठेवा.

४. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्यानुसार तिची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते, आणि तिचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असू शकते. शिक्षकांसाठी : अशी गोष्ट कळली तर ती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून कुणाला सांगणार नाही, असं वचन मुलीला देऊ नका. योग्य माणसालाच सांगेन आणि तुझ्यासोबत राहीन, असं सांगा.

५. खूप रक्तस्राव, महिनोन्महिने थकवा ही अंगवळणी पाडून घ्यायची दुखणी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. न सांगितलेलं दुखणं यात किती असेल, याचा विचार करा.

वर्गात काय करता येईल?

सातवी-आठवीच्या वर्गात रखमाबाईंची जीवनरेषा फळ्यावर काढा : १८६४, १८८५, १८८७, १८८९, १८९४, १८९५, १९१८, १९५५. बाजूला आनंदीबाईंच्या तारखा लिहा. मुलांना विचारा, खटल्याची वर्षे किती आणि रुग्णसेवेची किती? उत्तर मुलं स्वतःच काढतील, आणि भाषण कशावर करायचं तेही त्यांना कळेल.

दुसरा उपक्रम शब्दांचा. शरीराच्या भागांची आणि पाळीची शास्त्रीय मराठी नावं विज्ञानाच्या तासाला स्पष्ट आवाजात वाचा. मुलं हसतील. हसू द्या, आणि पुढे वाचत राहा. तिसऱ्या दिवशी हसू येत नाही. मुलांना बाहेर काढून फक्त मुलींना सांगू नका. उद्या यातलाच एखादा मुलगा डॉक्टर होणार आहे, आणि बाकीचे कुणाचे तरी भाऊ, नवरे, बाप होणार आहेत.

तिसरं, सखी सावित्री समितीच्या बैठकीला आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सला बोलवा. मुलींचे प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर आधी गोळा करा. तोंडाने न निघणारा प्रश्न कागदावर निघतो.

२२ नोव्हेंबरला रखमाबाईंची जयंती असते. त्या दिवशी परिपाठात त्यांची गोष्ट सांगा. खटला जरूर सांगा, पण सुरत-राजकोटची वर्षे गाळू नका. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पालकांनी मुलीला एवढंच विचारावं : तुला काही दुखतंय का, आणि ते सांगायला अवघड जातंय का? मग उत्तराची घाई करू नका.